बायच्या हनुवटीवरचं गोंदण

२०२४ साल. मला एकाहत्तर वर्षं झाली होती आणि त्या वर्षी सगळा उजेड दुधासारखा झाला होता. सकाळी विरारमधल्या मनवेलपाड्याच्या आमच्या गल्लीत उभा राहिलो की पत्र्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर साय धरल्यासारखी वाटायची. दिवेलागणीला प्रत्येक बल्बभोवती गोल रिंगण. मला ते आवडायचं. स्टुडिओत लाइटपुढे बटर पेपर लावून जो मऊ उजेड मी जन्मभर ओढूनताणून आणला, तो आता फुकट सगळीकडे सांडला होता. मी म्हणायचो, खाडीची हवा आहे.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण कॅमेरा मी कुणाकडे शिकलो नाही आणि माझ्या कॅमेऱ्याला कुणाला हात लावू दिला नाही. रोल गेले, डिजिटल आलं, तेव्हा बॉडी नवी घेतली, लेन्स मात्र जुनीच ठेवली. फोकससाठी ती हाताने फिरवावी लागते, आपोआप काही होत नाही. मोबाइलवाल्यांना मी फोटोग्राफर म्हणत नाही. बोट टेकवलं की झालं, त्यापेक्षा बटाटे सोलायला अक्कल जास्त लागते.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही बाय म्हणतो, गोखिवऱ्याला असते. ऐंशी वर्षांची. आजूबाजूला इमारती झाल्या, त्यांच्या मधोमध तिचं कौलारू घर अजून बसून आहे. तिचा निरोप आला, कॅमेरा घेऊन ये. गेलो तर ठेवणीतलं लुगडं नेसून तयार.

"माजा भिंतीवरचा फोटो काढ."

"एवढ्यात कशाला, बाय?"

"मग कवा? मेल्यावर? तुज्याच दुकानात लगनाचा फोटो नेतील आनी त्यातना माजा मुंडका कापून आनतील."

खोटं नव्हतं. माणूस गेलं की लोक माझ्याकडे लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि गर्दीतल्या एका डोक्यावर बोट ठेवायचे. मी ते डोकं मोठं करून द्यायचो. शेजारणीचा खांदा पुसला तरी थोडा उरायचाच. आमच्या भागात कितीतरी बायका अजून कुणाच्या तरी खांद्यासकट भिंतीवर आहेत.

पडवीत दाराला पाठ करून तिला बसवलं. बाहेरून दुपारचा उजेड येत होता, अगदी गाळून घेतल्यासारखा. मी डोळा लावला आणि बराच वेळ बटण दाबलंच नाही. तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत. तिच्या लग्नाआधी गोंदणारीण आली, तेव्हा मी सहा वर्षांचा. सुई टोचताना रडायला येऊ नये म्हणून बायने माझा पंजा घट्ट धरला. ती रडली नाही, रडलो मी. लेन्स फिरवता फिरवता मी त्याच अंगणात जाऊन पोचलो होतो. गोंदणावर चोळलेल्या पाल्याचा हिरवा वास, तिचा घामेजलेला हात. मग हळूच बटण दाबलं. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसला.

बारा बाय पंधरा करून, फ्रेम घालून आठवड्याने नेला. तिच्या सुनेने तो हातात घेऊन बघितला आणि बायकडे दिला. बायने उजेडाकडे धरला.

"दरवाजाचा फोटो काढलास काय रं?"

मी फ्रेम नाकाजवळ आणली. मागच्या दाराची कडी लखलखीत होती, लाकडाच्या रेषा मोजून घ्याव्यात अशा. पुढे बाय मात्र वाफेत बसल्यासारखी.

"लेन्स दगा देते कधी कधी," मी म्हणालो.

"मामा, मी काढू मोबाइलवर?" सून म्हणाली. ती सातिवलीला पॅकिंगच्या कामाला जाते, हात चलाख.

"काढ बाई, काढ. सगळेच काढतात."

तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत दहा-बारा काढले आणि एक मोठा करून दाखवला. चेहरा तासून गुळगुळीत केलेला. सुरकुत्या नाहीत, गोंदणही नाही. "थांबा, ते ब्यूटी बंद करते," म्हणून पुन्हा काढला. सुरकुत्या थोड्या परत आल्या. पण गोंदण मुळात वयाने फिकट झालेलं, त्यात पडवीत सावली. मोठं केल्यावर तिथे नुसता सारवल्यासारखा डाग.

बाय बघत राहिली. "ही कोन? बाईच्या संगं वर गोंदन तेवढाच जाते. बाकी समदा हितंच काढून घेतात. आई मना वलखल कशी?"

मी ताठ झालो. "बघितलंस? फोनला जे नको ते फोन पुसून टाकतो. याला काय फोटो म्हणायचं?"

"तुज्या फोटोत तरी कुटं हाय?" बाय म्हणाली. "हितं समोर बस. हां. आता सांग, किती ठिपके दिसतान?"

"तीन."

"नीट बघ."

"तीन, बाय. सहा वर्षांचा असल्यापासून बघतोय."

सुनेने तोंडाला पदर लावला.

"अंगठा ठेवलाय मी त्याच्यावर," बाय म्हणाली.

मी हात लांब करून चाचपलं. खरंच तिचा अंगठा होता. म्हणजे मला दिसत काहीच नव्हतं, मी नुसता आठवत होतो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने मोतीबिंदू सांगितला होता. या डोळ्यांनी अर्ध्या विरारची लग्नं काढलीत, असं त्याला ऐकवून मी उठून आलो होतो. घरी कुणाला बोललो नव्हतो.

"उजेड बरा नाही आज," मी म्हणालो.

"बरा," बाय म्हणाली. अंगठा काढून तिने माझाच पंजा हातात घेतला. "मोबाइलचा नको मना. तूच काढ. मी काय पलून नाय जात. पन बाला, फार दिवस नको लावू."

सुनेने चहा ठेवला. कपात किती आहे ते मी न बघताच प्यालो.

रिक्षा नाक्यावरच सोडली आणि घरापर्यंत चालत आलो. दिवे नुकतेच लागले होते. एकेका बल्बखाली मी थांबत होतो. रिंगणं मोठी होत होती, एकमेकांत मिसळत होती, आणि त्यांतून माणसं पाण्यातून यावीत तशी येत होती. इतका सुंदर उजेड मला कधी कुठल्या फोटोत धरता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, कुणाला न सांगता डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "काका, आधी कुठला डोळा करायचा?" मी म्हटलं, "उजवा. कॅमेऱ्याला तो लावतो मी."