गोहलपुरातली घासाघीस

समस्त मराठीजनांनी कृपया उभे राहून ऐकावे. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचा अर्धा कर्मचारीवर्ग एकाच गाडीने जबलपूरला रवाना झाला. तो अर्धा म्हणजे मी. उरलेला अर्धा, माझा भागीदार शरद, मला पुणे स्टेशनवर सोडायला आला आणि म्हणाला, "हे गिऱ्हाईक गेलं, तर आपण दोघं पुन्हा नोकरी शोधायला." किती हा धीर!

जबलपूरला घराएवढे दगड एकमेकांवर तोल सांभाळत उभे आहेत. मला एकदम आमची कंपनी आठवली.

तिथल्या गोहलपुरच्या गल्लीत आमच्या या गिऱ्हाइकाचं, गजाननजींचं, सलवार-सूटचं दुकान. वर शिलाई, खाली विक्री. घराणं मूळचं अमरावतीकडचं. "या जी! पहिले जिलबी, मग कम्प्युटर." खोवा जलेबी (खव्याची, काळीभोर, पाहताच डॉक्टर आठवावा अशी) खाऊन मी बिलाचं यंत्र मांडलं. दुकानात येणाऱ्या बायकांकडे तोंड केलेला दुसरा पडदा, त्यावर ठळक भाव. पारदर्शकता! पुण्यात यावर मी भाषणं दिली होती.

पहिल्या बाईंनी आकडा पाहिला, सूट खाली ठेवला आणि गेल्या. दुसऱ्याही गेल्या. दुपारपर्यंत दुकानात इतकी शांतता, की वरच्या शिलाई यंत्रांची खडखड स्पष्ट ऐकू यावी.

"साहेब, भाव लिहूनच टाकला तर बाई बोलंल काय अन् मी बोलू काय?" गजाननजी कळवळले.

"पण एकच भाव म्हणजे प्रामाणिकपणा..."

"तो पुण्यात ठेवा जी! काहून दुकान बसवून राहिले? संध्याकाळपर्यंत एक सूट नाही विकला, तर हा डबा बांधून घेऊन जा."

मग मी, पारदर्शकतेचा प्रेषित, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून सॉफ्टवेअरला घासाघीस शिकवली. गल्ल्याखालचं बटण दाबलं की पडद्यावरचा आकडा जरा थरथरतो, नाइलाजाने उतरतो आणि मालकाने ठरवलेल्या तळाशी अडून बसतो. वर अक्षरं उमटतात : "फक्त ताईंसाठी".

संध्याकाळी शहरातल्याच अधारताल वस्तीतल्या एक काकू आल्या. "काहीतरीच काय भैया! अपना समझके बोलो."

"नाही जमत दीदी, घरचं जाऊन राहिलं," गजाननजींनी छातीवर हात ठेवला. दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

आकडा उतरला. काकू चमकल्या, काहीतरी बोलल्या, दुकान हसलं, बाहेरच्या बायका आत डोकावल्या. काकूंनी दोन सूट घेतले. दुकान वाढवताना गजाननजींनी मला जिलबी बांधून दिली आणि यंत्रावर स्वतःच्या हाताने रुमाल घातला. डबा राहिला!

परतीच्या गाडीत मी माझी पारदर्शकतेची भाषणं आठवत होतो. त्यातल्या एकाही वाक्याला कधी कोणी हसलं नव्हतं, आणि कोणी काही विकतही घेतलं नव्हतं.

पुण्यात शरदने जिलबी तोंडात असतानाच विचारलं, "शेवटी गजाननजींना पटलं कशामुळे?"

मी त्याला काकूंचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. आकडा उतरताच गजाननजींना हाताने बाजूला सारून, पडद्याकडे बोट दाखवत, भर दुकानात त्या म्हणाल्या होत्या :

"तुम्ही हटा जी भैया! हा चांगल्या घरचा दिसून राहिला, मी याच्याशीच बोलते."