तोंडाकडे बघ

लालबागच्या आमच्या चाळीत समोरच्या गॅलरीतले नाना माझ्याशी तासन्‌तास बोलत, आणि शेजाऱ्यांना त्यातला एक शब्दही ऐकू येत नसे. नुसते ओठ हलायचे. नवं बिऱ्हाड आलं की आम्हा दोघांकडे बघून घाबरायचं.

नानांनी उभा जन्म गिरणीत साच्यांवर कापड विणलं. त्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही. विणकर एकमेकांचे ओठ वाचूनच गप्पा मारतात. त्यात नानांचे कान गेले, तरी काम कधी अडलं नाही. मग नवे डॉक्टर आले. त्यांनी नानांच्या कानाशी घड्याळ धरलं आणि त्यांना अनफिट ठरवलं. "अरे, साचेखात्यात देवाकपण आयकाक येवचा नाय!" नाना सांगायचे.

त्याच सुमारास टायफॉइडने माझे कान नेले. शाळेतली ठरलेली नोकरी गेली. मीही अनफिट! भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. नाना यायचे, हनुवटी धरून माझं तोंड वळवायचे आणि काहीतरी म्हणायचे. रोज तेच म्हणत, म्हणून एकदाचं कळलं: "भिंत काय बोलतली? माझ्या तोंडाकडे बघ."

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. परळच्या एका सभेत नानांनी मला अगदी पुढे बसवलं. वक्त्याचं तोंड माइकआड. नाना ताडकन उठले. "ओ सायेब, माइक बाजूक करा! आमका दिसना नाय!" लोक हसले, वक्तेही हसले, पण माइक सरकला. वक्त्यांचे ओठ दोनदा मिटले. मुंबई! परक्या तोंडावर मी वाचलेला तो पहिला शब्द. भर सभेत मला रडू फुटलं.

पुढे गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायला माणूस हवं होतं. मालक चालू यंत्राशेजारी उभे राहूनच प्रश्न विचारत होते. माझ्याआधीच्या मुली "काय? काय?" करत राहिल्या, मी धडाधड उत्तरं दिली. नोकरी पक्की झाल्यावर कानांचं सांगितलं. मालक म्हणाले, "इथे कुणाला ऐकू येतंय?"

नानांना मात्र पुन्हा कुणी कामावर घेतलं नाही. माझ्या नोकरीचा पेढा त्यांनी सगळ्या चाळीला दाखवून खाल्ला. तेव्हापासूनचा प्रत्येक घास मी त्यांचाच मानते.

शेवटच्या दुखण्यात त्यांचा आवाज पार गेला. मी छापखान्यातून तशीच धावले. त्यांचे ओठ हलत होते. त्यांचा मुलगा मला खुणेने विचारू लागला, पाणी मागतायत का?

पाणी नव्हतं मागत. मला विचारत होते, "कामावरसून थेट इलंस? जेवलंस काय?"

आवाज न काढता मी म्हटलं, "जेवले, नाना."