पान एकशे बारा

“डायबेटिक रेटिनोपथी आहे, आणि त्यात मॅक्युलर एडीमा,” असं कल्याणच्या डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा आमचे हे मांडीवर हात ठेवून शांत बसले होते. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे त्यांना धड काही दिसत नव्हतं. मी मान डोलावत होते. जन्मभर शाळेत शिकवलं, कळलं नाही तरी मान डोलवायची सवय आहे.

मग डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढलं. डोळ्यात आत, मागच्या बाजूला पडदा असतो. साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की त्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. ज्या जागेने आपण अक्षर वाचतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो, नेमकी तिथेच सूज येते. बाहेरून डोळा ठणठणीत. दुखत नाही, लाल होत नाही.

“वाचायला त्रास कधीपासून होतोय?” त्यांनी विचारलं.

“झाले असतील पंधरा-वीस दिवस,” हे म्हणाले.

माझ्या पिशवीत एक वही होती. त्या वहीप्रमाणे पाच महिने झाले होते. ती काढावी की नको, असा विचार मी केला, हे कबूल करते. लाज वाटली. मग काढली.

वही कसली ते सांगते. शहापूरला आम्ही दहा-बारा जण दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या पडवीत बसतो. सध्या कोण काय वाचतंय ते प्रत्येकाने सांगायचं. पुस्तक कुठलं, पान कितवं, आणि त्यातली एक गोष्ट. मी निवृत्त झाल्यावर हे सुरू केलं आणि वहीही मीच ठेवते. नाव, पुस्तक, पान. ज्याचं पान आठवडाभरात पुढे सरकलं नाही त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी उकडलेल्या शेंगा आणायच्या, हा नियमही माझाच. शिकवणं सुटलं तरी मास्तरकी सुटली नाही.

हे मूळचे मुरबाडकडचे. सातवीपर्यंत शिकलेले, आयुष्य भाताच्या गिरणीवर गेलं. बैठकीत आले ते माझ्या आग्रहाने. सगळे मला बाई म्हणतात म्हणून हेही गमतीने बाईच म्हणतात. पण वाचायला लागले ते मनापासून. शिकारीच्या आठवणींचं एक जाड पुस्तक घेतलं होतं. आठवड्याला वीस-वीस पानं व्हायची आणि सांगायचे तर असं की वाघ पडवीत येऊन बसलाय असं वाटावं.

आणि मग पान एकशे बारा. पुढच्या रविवारी एकशे बारा. त्याच्या पुढच्या रविवारी तेच, मग पुन्हा तेच. यांनी ओळीने पाच रविवार शेंगा आणल्या. आमच्यातले वामनराव म्हणाले, यांचं पान हलू देऊ नका, आपली चंगळ आहे. सगळे हसले, हेही हसले. मी वहीत त्यांच्या नावापुढे लाल पेनाने लिहिलं, आळस.

सहाव्या रविवारी हे म्हणाले, पान एकशे तीस. आणि एका अस्वलाची गोष्ट सांगायला लागले. मोहाच्या झाडाखाली आलेलं अस्वल, टोपली टाकून पळालेली म्हातारी. लोक रंगून ऐकत होते. ते पुस्तक मी आधीच वाचलं होतं. मी मध्येच म्हणाले, “हे पुस्तकात नाहीच. थापा कशाला मारताय? वाचलं नाही तर नाही म्हणून सांगा.”

सगळ्यांसमोर, चांगल्या खणखणीत आवाजात.

नंतरच्या रविवारी हे आले, मागे बसले, नुसतं ऐकलं. त्यानंतर यायचेच बंद झाले. भाताची कामं आहेत म्हणून तीनेक महिने गावीच राहिले. मी मनात म्हटलं, रुसले वाटतं, बसू दे.

गावाहून दिराचा फोन आला तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. तो चिडला होता. “वैनी, बांधावर समोरासमोर आलो तरी दादा माझ्याकडं बघून न बघितल्यागत गेला. आमचं काय चुकलं असल तर सांगा, पण ओळख तरी दे म्हनावं.” सख्ख्या भावाला ओळख न देणारा माणूस नाही हा. त्याच दिवशी मी मुरबाडची एसटी पकडली आणि यांना घेऊन आले. शहापूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं आणि लगेच कल्याणला पाठवलं.

तिथे ओसीटी केली. म्हणजे पडद्याचा जणू काप घेतल्यासारखा फोटो. डोळ्याला काही लागत नाही, हनुवटी टेकवून बसायचं, इतकंच. एचबीएवनसी काढलं, म्हणजे मागच्या तीन महिन्यांत साखर साधारण कशी होती ते. ती भलतीच वाढलेली निघाली. मी रोज सकाळी साखरेची गोळी हातावर ठेवत होते, गावी जाताना पुडी बांधून देत होते आणि काम झालं समजत होते. साखर तपासून वर्ष उलटून गेलं होतं.

डॉक्टरबाईंनी वही उलटसुलट करून पाहिली. लाल अक्षरंही वाचली असणार. बाहेर मला एकटीला बोलावून एवढंच म्हणाल्या, “उजवा डोळा आपण सांभाळू. डाव्याचं मी सांगू शकत नाही. पान अडलं तेव्हाच आणलं असतं तर बरं झालं असतं.”

उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. पण डोळा आधी थेंबांनी बधिर करतात, सुई अगदी बारीक असते. महिन्याला एक, असं दोन्ही डोळ्यांत. घाबरू नका, आणि एकही तारीख चुकवू नका. बाहेरच्या बाकावर डोळ्याला पट्टी लावलेली माणसं ओळीने बसलेली असत. तिथे मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या इंजेक्शननंतर उजव्या डोळ्याची सूज उतरली. आता मोठं अक्षर वाचता येतं. डाव्या डोळ्याने माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. ते आता तसंच राहणार.

मी बैठकीत उभी राहून सगळं सांगितलं. लाल अक्षरं वाचूनही दाखवली. वामनरावांनी डोळे पुसले. शेंगांचा नियम त्याच दिवशी मोडला. मला वाटलं, झालं, आता मन हलकं होईल.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. मी यांच्यावरच चिडले. म्हटलं, एवढं दिसेनासं झालं, लोकांना हसू दिलंत, अस्वलं रचलीत, पण मला एका शब्दाने सांगितलं नाहीत.

हे म्हणाले, “सांगितलं होतं ना, बाई. हितंच, ओट्यावर. म्हनलं अक्षरं पुसल्यावानी दिसतात. तू वही लिवत होतीस. म्हनलीस, चष्मा पुसा.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना दिवस आठवतो, मी कुठल्या साडीत होते तेही आठवतं. मी त्या संध्याकाळपासून आठवून आठवून पाहते आहे. मला काही म्हणजे काही आठवत नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरातलं वाचणारं माणूस वाचायचं थांबलं तर त्याला आळशी म्हणू नका, त्याच्यासमोर पुस्तक धरा आणि काय दिसतं ते विचारा. साखर असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या, डोळा दुखत नसला तरी. आणि ते माणूस काही सांगत असेल तर हातातलं खाली ठेवा. मी ठेवलं नव्हतं, आणि तरीही हा माणूस इंजेक्शनला आत जाताना माझाच हात धरून जातो.