चावी कुणाकडं?

वारज्याच्या गावठाणात नवी गाडी आधी भैरवनाथाच्या देवळापुढे उभी राहते, मग घरी जाते. शोरूमवाले पेढे देतात, हार घालतात, फोटोही काढतात. पण दुर्गाबाईंनी हँडलला कुंकवाचं बोट लावून चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय गाडी आपली झाली असं इथे कुणाला वाटतच नाही. आता आजूबाजूला बारा-बारा मजली सोसायट्या झाल्या, त्यांतले इंजिनिअर लोकही येतात. आईची इच्छा आहे हो, असं सांगत, इकडेतिकडे बघत येतात, पण येतात.

दुर्गाबाई गुरवांच्या. नवरा गेल्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून देवाची पूजाअर्चा त्याच बघतात. वय बासष्ट, उंची बेताची, आवाज मात्र असा की गाभाऱ्यातून बोलल्या तरी चौकातल्या रिक्षावाल्यानं मागे वळून बघावं. तर ह्या बाई लिंबू ठेवण्याआधी गाडीवाल्याला दोन प्रश्न विचारू लागल्या, आणि त्यावरून गावात जे रामायण झालं ते सांगण्यासारखं आहे.

पूर्वी त्या काहीच विचारत नसत. पाच वर्षांपूर्वी रुपालीनं आपल्या शुभंकरसाठी मोपेड आणली, तेव्हाही त्यांनी काही विचारलं नव्हतं. रुपाली अमरावतीकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेली, सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात कामाला. शुभंकर तेव्हा सोळाचा. दहावीला त्र्याण्णव टक्के मिळालेले, क्लासही पेठेतच, आणि बसनं जाऊन पोरगं दमतं, एवढं कारण कुठल्याही आईला पुरतं. दुर्गाबाईंनी नारळ फोडला, लिंबू ठेवलं, सुखरूप जा नि सुखरूप ये म्हणाल्या. तीन आठवड्यांनी मित्राच्या वाढदिवसाला बिअर पिऊन परत येताना पोरानं मोपेड पुलाच्या कठड्यावर घातली.

जीव वाचला. पायात रॉड पडला, वर्ष वाया गेलं आणि चाल कायमची बदलली. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, घरी फोन करावासा वाटला होता, पण बाबा मारतील म्हणून केला नाही.

रुपाली एका सकाळी देवळात आली, पायरीवर बसली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "मावशी, लिंबू तर तुम्हीच ठेवलं होतं ना?"

दोन दिवस दुर्गाबाईंनी एकाही गाडीखाली लिंबू ठेवलं नाही. दोष आपला नाही हे त्यांना कळत होतं, पण कळून काय उपयोग? तिसऱ्या दिवशी त्या स्वतः रुपालीच्या घरी गेल्या, शुभंकरच्या खाटेशेजारी बसल्या, आणि तिघांनी मिळून ते दोन प्रश्न ठरवले.

पहिला, गाडी चालवणार कोण? जो चालवणार त्यानं लायसन दाखवायचं. दुसरा, चावी कुणाकडं? म्हणजे पोटात घोटभर जरी गेली, किंवा ज्याच्या मागं बसून आलो तो प्यायलेला निघाला, तर फोन कुणाला करायचा आणि चावी कुणाच्या हातात द्यायची? ते माणूस बरोबर आणायचं. लाल दोरा दोघांच्याही मनगटाला बांधायचा. आणि चावीवाल्या माणसानं देवापुढे शब्द द्यायचा की फोन आला की उठेन, जाऊन घेऊन येईन आणि घर येईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढणार नाही. काय बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. हे शेवटचं कलम शुभंकरचं. त्याच्याइतकं ते कुणाला कळणार?

गावानं आधी मनसोक्त हसून घेतलं. देवळाला आरटीओची शाखा म्हणू लागले. कुणीतरी तर बाहेरच्या भिंतीवर 'येथे पीयूसी काढून मिळेल' अशी पाटी लावली. दुर्गाबाईंनी ती काढली नाही, खाली मोकळी जागा होती तिथे आपले दोन प्रश्न रंगवून घेतले. लायसन नसलेली पोरं घेऊन आलेले बाप तणतणत परत गेले, चार जण दुसऱ्या देवळात जाऊन आले. पण बायकांनी भिशीत विषय काढला, क्लासच्या सरांनी पालकांना सांगितलं, कोपऱ्यावरच्या धाब्यावाल्याला दोघी-तिघी जाऊन शाळकरी पोरांना काय द्यायचं नि काय नाही ते समजावून आल्या. हळूहळू दोरे वाढले. खोल्या घेऊन राहणाऱ्या विदर्भातल्या पोरांना इथे नाव घ्यायला माणूसच नव्हतं, तर रुपाली म्हणाली, माझं घ्या. एकटी रुपाली अकरा पोरांची चावीवाली झाली. तिचं मनगट बघून दवाखान्यातले पेशंट नवस विचारायचे.

आणि मग मागच्या दसऱ्याला रावसाहेबांनी नातवासाठी मोटारसायकल आणली.

रावसाहेब म्हणजे देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. जमीन रस्त्यात आणि सोसायट्यांत गेली, पण रुबाब सातबाऱ्यावर होता तेवढाच राहिला. नातू पृथ्वीराज, अठराला अकरा महिने कमी. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी रावसाहेबांच्या पत्नी सुशीलाबाई फुलं द्यायच्या निमित्तानं आल्या आणि हळूच सांगून गेल्या, की ह्यांनी घरात बोलून दाखवलंय, बाईंनी मुकाट्यानं पूजा केली तर ठीक, नाहीतर देवळाचं काम दुसऱ्याला द्यायला कमिटीला एक मीटिंग पुरते.

दुर्गाबाई घाबरल्या. खोटं कशाला सांगा, चांगल्याच घाबरल्या. मुलगा चाकणला, त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. तिथे जाऊन दिवसभर करायचं काय? एकोणीस वर्षं ज्या देवाला रोज न्हाऊ घातलं त्याला उद्या दुसरं कुणी उठवणार? पण नातवाला लिंबू दिलं तर पाटीवर चुना फासायला लागेल आणि रुपालीला तोंड कसं दाखवायचं?

दसऱ्याला सकाळी देवळापुढे ही रांग. ट्रॅक्टर, जेसीबी, शाळेची व्हॅन, रिक्षा, झेंडूत बुडालेल्या मोटारी. सगळ्यांच्या पुढे ती लालभडक मोटारसायकल, आणि बोटावर चावी फिरवत पृथ्वीराज. शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, टोपी घालून रावसाहेब.

दुर्गाबाईंनी कुंकू लावलं. लिंबू हातात घेतलं आणि थांबल्या.

"चालवणार कोण?"

रावसाहेबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं, घंटा वाजवायला सांगितली. दुर्गाबाईंनी पुन्हा विचारलं. रांगेतले हॉर्न एकेक करून बंद झाले. मागे ताट घेऊन उभ्या असलेल्या रुपालीनं मान खाली घातली.

आता रावसाहेबांची अवस्था बघा. नातू म्हणावं तर लायसन कुठून आणणार? तसंच परत फिरावं तर दसऱ्याच्या दिवशी अध्यक्षांची गाडी लिंबाशिवाय गेली, हे गाव वर्षभर चघळणार. आणि देवापुढून कोरडं परत फिरायची त्यांच्या घराण्याची रीत नव्हती. चेहरा लाल झाला.

"मी चालवणार हाय," ते म्हणाले. "झालं समाधान?"

बाईंनी शांतपणे लायसन मागितलं. रावसाहेबांनी आतल्या खिशातून काढून दाखवलं. हे एक त्यांचं मानलं पाहिजे, तरुणपणी वारज्याहून सदाशिव पेठेत मोटारसायकलवर दुधाचे कॅन पोचवायचे तेव्हापासून लायसन कधी मुदतीबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

"आणि चावी कुणाकडं?"

इथे मात्र रांगेत खसखस पिकली, कारण लग्नकार्यात रावसाहेब थोडे रंगात येतात हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यांनी बायकोकडे पाहिलं, सुशीलाबाई कळस न्याहाळत होत्या. शेवटी घाईघाईत त्यांनी जवळ जो होता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जवळ पृथ्वीराज होता. दुर्गाबाईंनी आजोबांच्या मनगटाला दोरा बांधला, नातवाच्या मनगटाला बांधला, फोन आला की उठेन नि वाटेत अवाक्षर काढणार नाही, हा शब्द दोघांकडूनही घेतला आणि दोघांच्या कपाळाला गुलाल लावला. पोराचं तोंड एवढंसं झालं.

आता देवापुढे बोलले म्हटल्यावर लिंबावरून गाडी नेणं आलंच. रावसाहेबांनी टोपी सारखी केली, पाय टाकला, दुसऱ्या प्रयत्नात बसले. गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा घुमली, लिंबू फुटलं, टाळ्या पडल्या. चौकातून वळून परत येतील म्हणून सगळे बघत राहिले, तर गाडी हायवेकडे निघून गेली.

पाच मिनिटं झाली, वीस झाली. सुशीलाबाई आधी हसल्या, मग चिडल्या, मग देवापुढे हात जोडून बसल्या. सव्वा तासानं रावसाहेब आले ते टोपी खिशात, केस उडालेले, डोळ्यांत वाऱ्यानं पाणी, आणि चेहऱ्यावर असं हसू की बायकोनं लग्नातसुद्धा पाहिलं नसेल. पेठेत जाऊन आले होते, दुधाच्या जुन्या रस्त्यानं. एका दारात जुन्या गिऱ्हाईक आजी अजून होत्या. बावीस वर्षांनी समोर पाहून म्हणाल्या, आज उशीर केलात.

रावसाहेबांनी तिथेच जाहीर केलं की देवाला शब्द दिलाय, पोरगं अठराचं होईस्तोवर गाडी आपणच चालवणार. हा त्याग त्यांनी इतक्या आनंदानं केला की देवसुद्धा फसला नसेल. कमिटीच्या मीटिंगचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पृथ्वीराज महिनाभर फुगून मागच्या सीटवर बसला. मग मार्गशीर्षात एका लग्नात आजोबा रंगात आले आणि निघताना पोरानं पन्नास माणसांसमोर हात पुढे केला. रावसाहेबांनी हाताकडे पाहिलं, मनगटावरच्या दोऱ्याकडे पाहिलं आणि चावी दिली. दोघं रिक्षानं घरी आले. गाव आठवडाभर हसलं, पण त्या दिवसापासून पृथ्वीराजची चाल बदलली. दुर्गाबाईंनी लांबूनच ओळखलं.

आणि फेब्रुवारीतली ती दुपार. दुर्गाबाई देवळाचा चौक झाडत होत्या. रावसाहेब आले, चप्पल काढली, सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी गेले आणि भैरवनाथावर ओरडायला लागले. अक्कल आहे का, घराण्याचं नाव घालवणार का, तंगडी मोडून ठेवीन, असं पंधरा मिनिटं. देव बिचारा ऐकत होता. दुर्गाबाई झाडू धरून उभ्या राहिल्या. देवळात असं काही त्यांनी एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग उलगडा झाला. पृथ्वीराज आणि त्याचे तीन मित्र लोणी काळभोरला एकाच्या शेतावर हुरडा खायला गेले होते, एकाच्या वडिलांची मोटार गुपचूप घेऊन. हुरड्याबरोबर बाटल्याही निघाल्या. मोटार आणणारा, तोही सतराचाच, पिऊन परत न्यायला निघाला. पृथ्वीराजनं त्याच्या हातातून चावी काढून घेतली आणि आजोबांना फोन लावला. रावसाहेब मोटारसायकल हाणत सगळं शहर ओलांडून गेले, गाडी शेतावर ठेवली, चारही पोरांना मोटारीत घालून ज्याच्या त्याच्या घरी सोडलं. आणि संबंध वाटेत, शब्द दिला होता म्हणून, अवाक्षर काढलं नाही. पस्तीस किलोमीटर. ते सगळं पोटात घेऊन ते आता देवाकडे आले होते.

दुर्गाबाईंनी तांब्याभर पाणी दिलं. रावसाहेब ते पायरीवर बसून प्याले आणि एकदम त्यांचा आवाज फुटला.

"त्यानं मला फोन केला, दुर्गाबाई. भ्याला नाय. मला केला."

दुर्गाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना खाटेवरचा शुभंकर आठवत होता.

ह्या दसऱ्याला त्या चारही पोरांचे आईबाप रांगेत होते. पृथ्वीराज आता अठराचा, लायसन अगदी ताजं. चालवणार कोण, असं विचारल्यावर आजोबा आणि नातू दोघंही एकदम मी म्हणाले, आणि देवळात हशा उसळला. बरीच घासाघीस होऊन रविवार आजोबांना मिळाला. चावी कुणाकडं, ह्यावर पृथ्वीराजनं रावसाहेबांचा हात धरून पुढे केला. मागच्या वर्षीचा दोरा विटून गेला होता, पण होता. दुर्गाबाईंनी नवा त्याच्याशेजारीच बांधला.

आणि त्यांच्या मागोमाग एक साधी करडी स्कूटर पुढे आली. हँडल धरून शुभंकर, एका पायावर किंचित झुकलेला. पाच वर्षांत त्यानं गाडीला हात लावला नव्हता. शेजारी रुपाली, आणि दुसऱ्या बाजूला, देवळात कधी न येणारे त्याचे वडील.

दुर्गाबाईंचा तो आवाज त्या दिवशी कुठे गेला कोण जाणे. लायसन बघून कसंबसं त्यांनी विचारलं, चावी कुणाकडं? शुभंकर म्हणाला, बाबांकडं. वडिलांनी बाही वर करून मनगट पुढे केलं. दुर्गाबाईंनी त्यावर दोरा बांधून दोन गाठी मारल्या.

मग दुर्गाबाईंनी ताटातलं लिंबू उचललं आणि रुपालीपुढे धरलं. ह्या वेळी तू ठेव, असं त्यांना म्हणायचं होतं. रुपालीला ते न बोलताच कळलं. तिनं त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "लिंबू तुम्हीच ठेवा."

दुर्गाबाई खाली वाकल्या आणि त्यांनी लिंबू चाकाखाली ठेवलं.