शेकरची जाळी

भिंगकाकांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, पण त्यांचं काचेचं कपाट पाहून एखाद्या बारवाल्यानंही तोंडात बोटं घालावीत. पितळी पेगमापं, बर्फाचे चिमटे, कटग्लासच्या सुरया, सोड्याची जुनी जाड बाटली. म्हातारा दार लावून काय करतो, हा शेजारपाजाऱ्यांचा संशय. काकांचा संशय मात्र अख्ख्या जगावर.

घड्याळदुरुस्तीत चाळीस वर्षं गेलेली. भिंग डोळ्याला चिकटलं आणि शंकेचा किडा डोक्यात शिरला तो तेव्हाच. जुनी वस्तू दिसली की आधी नखानं खरवडायची, मग हुंगायची, मग विकणाऱ्याचं तोंड न्याहाळायचं. धंद्यातली आणखी एक सवय राहिली होती: हातात सुटा भाग आला की घरंगळू नये म्हणून तो थेट कोटाच्या डाव्या खिशात. त्या खिशाचा तळ काकूंनीही कधी पाहिला नव्हता.

कपाटातला लाडका शेकर, म्हणजे दारूची मिश्रणं हलवायचं भांडं, तीन भागांचा होता. खाली उंच पेला, त्यावर जाळीचं तोंड, वर टोपण. नाक्यावरच्या भंगारवाल्यानं तो पोत्यातून काढला आणि पहिली हाक काकांनाच मारली. पोत्याची दोरी सोडायची ती काकांसमोर, बाकीचे शौकीन मागाहून, असा वीस वर्षांचा शिरस्ता.

एका सकाळी काकांनी टोपण उचललं, तर खाली जाळी नाही!

कपाटाला हात लावणारा शेवटचा माणूस भंगारवालाच. परवाच येऊन "वा काका, काय चमकवलाय!" म्हणाला होता. अशी तारीफ कोणी उगाच करतं का? काका तरातरा दुकानात पोचले.

"खिसे उलटे कर."

"काका, सकाळी सकाळी गंमत करताय?"

"कर म्हणतो ना!"

भंगारवाल्यानं खिसे उलटे केले. विडीची थोटकं आणि एक कंगवा.

"झालं समाधान?" त्यानं गळ्यात कागदाचा बोळा कोंबलेली एक सुरई पुढे सरकवली. "हिचं काचेचं बूच महिन्यापूर्वी गेलं. मी कोणाचे खिसे चाचपले का? उद्या मोठ्या बंगल्याचं सामान येतंय. आता पोतं दुसऱ्यासमोर सोडीन. या तुम्ही."

काका घरी आले ते पडेल चेहऱ्यानं, पण मनात अजून एकच: जाळी त्यानं विकली असणार, म्हणून तर खिसा रिकामा.

काकूंनी चहा ओतायला घेतला. काकांची नजर कपावर गेली आणि डोळ्याला भिंग नसतानाही डोळे विस्फारले.

"अगं, ही जाळी!"

"आपली गाळणी फाटली तेव्हा विचारलं नव्हतं का? डोळ्याला भिंग लावून 'हं' म्हणालात. आठ दिवस तिच्यातनंच गाळलेला चहा मिटक्या मारत पिताय."

काकांनी चहा तसाच ठेवला आणि उलट्या पावली दुकान गाठलं.

"चुकलो रे. जाळी घरातच होती."

भंगारवाला तराजू पुसत राहिला. "असं कसं? आता तुम्ही खिसे उलटे करा."

"माझे?"

"करा म्हणतो ना!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. काकांनी मुकाट्यानं डावा खिसा उलटा केला. बारीक स्क्रू, स्प्रिंगा, घड्याळाच्या दोन काचा आणि सगळ्यांत शेवटी ठण्णकन बोराएवढं काचेचं बूच पडलं.

कोणी हसलंसुद्धा नाही. काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

भंगारवाल्यानं बूच उचललं. काकांच्या गळ्यातलं भिंग ओढून स्वतःच्या डोळ्याला लावलं. बूच नखानं खरवडलं, हुंगलं आणि मग निवांतपणे काकांचं तोंड न्याहाळलं.

"आहे तर माझंच. बदललं नाहीत ना?"

मग बूच सुरईत बसवत म्हणाला, "उद्या दहाला या. कोट घरी ठेवून."