एकच कोअर राबत होता

बिरवाडीजवळच्या ज्या केमिकल कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचे, त्याच्या दोन जागा होत्या. ऑफिस नव्या प्लॉटवर आणि जुनी शेड रस्त्यापलीकडे बरीच लांब. माझा मोठा भाऊ त्या शेडमध्ये कामाला. शेडच्या हवेतल्या विषारी गॅसचे आकडे ऑफिसातल्या पडद्यावर दिसायचे, पण यायचे ते एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद. फॉर्म्युला चोरीला जाईल या धास्तीनं साहेबांनी दोन प्लॉटमधली माहितीची सगळीच ये-जा त्या कुलपातून करायला लावली होती. नकाशे, पगारपत्रकं आणि शेडमधली हवासुद्धा.

कुलूप घालणारं मशीन नवं, चार कोअरचं, म्हणजे एका चिपमध्ये काम करणारे चार मेंदू. "चौघं राबणार, मग काय काळजी?" असं साहेब आल्यागेल्याला ऐकवायचे. मलाही पटलं होतं, कारण मशीनवरचा कामाचा आकडा कधी पाव हिश्श्याच्या वर जायचाच नाही. निवांत दिसायचं बिचारं.

गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कामात कुणाचं मन नसतं. महाड-पोलादपूरचा प्रत्येक माणूस दुपारच्या गाडीच्या घाईत. त्या दुपारी दोन्ही प्लॉटवरच्या सगळ्या खात्यांनी महिन्याभराच्या फायली एकदमच इकडून तिकडे ढकलल्या. मी सहज गॅसच्या पडद्याकडे पाहिलं. आकडा ठीक होता. मग तो आकडा कधीचा हे दाखवणारी शेजारची वेळ पाहिली. वेळ मघाचीच होती.

"साहेब, हे आकडे शिळे आहेत."

"अहो मॅडम, हिरवं दिसतंय की! सणाच्या तोंडावर उगाच घाबरवू नका."

मी मशीनवर पाहिलं. तोच पाव. पण या खेपेला कोअर वेगवेगळे करून पाहिले, तेव्हा कळलं की तो पाव म्हणजे चौघांची सरासरी. तिघं हात बांधून उभे आणि एकटा पुरता बुडालेला. एका वाटेनं जाणारी माहितीची सगळी पाकिटं क्रमांक घालून, क्रमानंच बंद करायची, म्हणून मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम सगळं काम एकाच कोअरच्या गळ्यात मारत होती. आठ कोअर आणले असते तरी हेच झालं असतं. दादाच्या शेडचे आकडे लोकांच्या फायलींमागे रांगेत अडकले होते.

शेडला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मोबाइल तर आत न्यायलाच बंदी. मग आठवलं, सुट्टीला जाण्याआधी माणसं शेड पाइपानं धुऊन काढतात आणि भिजू नये म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवतात. दरवर्षीची रीत. ती तिथे धुताहेत की पडलीत, हे कळायला मला काही मार्गच नव्हता.

त्यांच्या फायली तरी थांबाव्यात म्हणून मी केबलच्या रॅकपाशी गेले आणि खात्यांच्या केबल उपटायला लागले. "डोकं फिरलं का हिचं?" कुणीतरी ओरडलं. फिरलंच होतं.

पडदा हलला. पण आधी आले ते जुने आकडे, कारण रांग क्रमानंच सुटणार होती. एकेक मिनिट माझ्यासमोरून जात होतं आणि प्रत्येकात गॅस थोडा जास्त होता. हिरव्याचं पिवळं झालं. जे घडायचं ते तिकडे घडून गेलंय आणि मी मागाहून बघतेय, एवढंच मनात होतं. साहेब शेजारी येऊन उभे राहिले. आकडा लालाच्या कडेला टेकला आणि मग उतरू लागला.

मी परत फोन लावला. या वेळी दादानं उचलला.

"काय झाला गो? वास आला म्हणून दारं उघडली नि सगळे भायेर बसलो. आता काय नाय."

तो हसत होता. मी त्याच्यावर खेकसले आणि सगळ्यांसमोर रडले.

"त्या आकड्यांना वेगळी वाट द्या, दुसऱ्या कोअरवरून," मी साहेबांना म्हणाले.

"सण होऊ द्या, मग बघू," ते म्हणाले.

संध्याकाळी आम्ही दोघं कुडपणला घरी पोचलो. दादानं आईला यातलं काही सांगितलं नाही, मीही नाही. पानं वाढली. दादाच्या ताटात भात घालताना आई मला म्हणाली, "तू बघतेस ना गो त्याला तिथून? म्हणून मला झोप तरी लागते."

"बघते," मी म्हणाले, आणि हातातला घास परत पानात ठेवला.