ऑर्किडच्या कळ्या आणि कूलर
कळंब्याला आमच्या शेजारी राहणारे काका निवृत्त फिटर. एरवी गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत. परसातल्या हरितगृहात शिरले की मात्र कुजबुजत. पाइप वाकवून, वर प्लॅस्टिक ताणून ते त्यांनी एकट्यानं उभारलं होतं. थंडीत ऊब राहावी म्हणून आत शंभरचे दोन बल्ब लावत आणि उन्हाळ्यात जुना कूलर. थर्मामीटर होतं, तरी दार उघडल्यावर ते आधी हात पुढं करून हवा चाचपत.

एका एप्रिलमध्ये त्यांच्या ऑर्किडला तीन वर्षांनी पहिल्या कळ्या आल्या. त्याच आठवड्यात माझे वडील ऑपरेशन होऊन घरी आले. आमचं छप्पर पत्र्याचं. भर दुपारी वडिलांना तळमळताना बघून काका उठून गेले आणि थोड्या वेळानं तो कूलर घेऊनच आले.

"काका, आणि कळ्या?" मी विचारलं.

"मास्तर, आधी खिडकी उघडा. झाडं काय, परत लावता येत्यात की!"

पुढं ते दिवसभर प्लॅस्टिकवर ओली पोती टाकत राहिले. तरी आठ दिवसांत कळ्या करपून गळल्या. मी ओशाळून त्यांच्याकडं गेलो, तेव्हा ते नव्या रोपांसाठी रिकाम्या कुंड्या धूत बसले होते.

"वडील जेवलं का आज?" त्यांनीच विचारलं.

"आज दीड भाकरी खाल्ली."

"मग झालं की!" म्हणत त्यांनी पुढची कुंडी ओढली.